सोळा आण्यांचा पेपर, बावीस आण्यांचं श्रेय

चेलाडी फाट्यावरून नसरापूरमार्गे वेल्ह्याकडे निघालं की पुढच्या डोंगरांत देवराया भेटतात. सह्याद्रीतल्या या रायांकडे विज्ञानाचं लक्ष वेधलं ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत काम केलेल्या दोघांनी. एक वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक, दुसरे हार्वर्डहून परतलेले परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ. ‘देवराहाटी’वरच्या त्यांच्या 1973च्या टिपणावर वर्तकांचं नाव आधी आहे, तर ‘इकॉनॉमिक बॉटनी’तल्या 1976च्या गाजलेल्या निबंधावर गाडगीळांचं. एकाला झाडं नावानिशी ठाऊक, दुसऱ्याला त्या झाडांमागचं परिसराचं गणित. यातलं किती काम कुणाचं, याचा टक्का काढायची वेळ त्यांच्यावर आली नसावी. आज कॉलेजातल्या प्रत्येक प्राध्यापकावर ती येते, कारण बढतीच्या फाइलला पेपर जोडायचे असतात आणि पेपरामागे गुण असतात.

ते गुण कसे वाटायचे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमावलीत लिहिलं आहे. विज्ञान शाखेत एका शोधनिबंधाला 8 गुण. लेखक दोन असतील तर प्रत्येकाला 70 टक्के. दोनाहून अधिक असतील तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाला 70 टक्के आणि बाकीच्या प्रत्येकाला 30 टक्के. वाचताना हे उदार वाटतं. बेरीज करून पाहा. दोघांचे मिळून 140 टक्के होतात. पाच लेखक असले तर 190, दहा असले तर 340.

सातबारावर भाऊबंदांची आणेवारी लागते तेव्हा सगळ्यांचे हिस्से मिळून सोळा आणेच भरावे लागतात; वारस वाढले म्हणून जमीन वाढत नाही. आयोगाच्या कोष्टकात मात्र नावं वाढली की जमीनच वाढते.

याचा फायदा कसा उठतो तेही बघा. चार सहकाऱ्यांनी आपापला एकेक पेपर एकट्याने लिहिला, तर प्रत्येकाला 8 गुण. त्याच चौघांनी प्रत्येक पेपरवर उरलेल्या तिघांची नावं घातली, तर प्रत्येकाला स्वतःच्या पेपराचे 5.6 आणि मित्रांच्या तीन पेपरांचे 7.2, म्हणजे 12.8 गुण मिळतात. काम तेवढंच, गुण दीडपटीहून जास्त. शिवाय तिसरं नाव आलं की दुसऱ्या लेखकाचा वाटा घटतो, पण चौथ्या नावापासून पुढे कुणाच्याच खिशाला चाट बसत नाही. मग विभागप्रमुखांचं नाव घालायला नाही कोण म्हणेल? कॉलेजात प्राध्यापकपदासाठी किमान 10 शोधनिबंध आणि 110 गुण लागतात. ‘तू माझं नाव घाल, मी तुझं घालतो’ हा व्यवहार अशा हिशेबातच रुजतो. त्याला निव्वळ माणसांची लबाडी म्हणून मोकळं होता येणार नाही. नियमच त्याला बक्षीस देतो.

2010च्या नियमांत हा घोळ नव्हता. पहिला लेखक आणि मुख्य लेखक किंवा मार्गदर्शक यांच्यात 60 टक्के समान, उरलेले 40 टक्के इतरांत समान. नावं कितीही असोत, बेरीज शंभरच. त्याचा दोष वेगळा होता. रात्री जागून प्रयोग करणारी पीएचडीची विद्यार्थिनी आणि नुसती सही करणारे गाईड यांना एकाच मापाने मोजलं जाई.

मोठ्या विज्ञानात तर पहिल्या नावाला अर्थच उरत नाही. 2015 साली हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावरचा जो निबंध आला त्यावर 5,154 लेखक होते. 33 पानांपैकी 9 पानं संशोधनाची, बाकी नावांची आणि संस्थांची. नावं इंग्रजी वर्णमालेप्रमाणे. आपला नियम लावला तर ‘ए’ने आडनाव सुरू होणारा मुख्य लेखक ठरतो आणि त्या एका पेपरातून बारा हजारांवर गुण निघतात. 2016 साली गुरुत्वीय लहरींचा शोध जाहीर झाला, तेव्हाही निबंधावर हजाराहून अधिक नावं होती, पुण्याच्या ‘आयुका’तलीही होती. पुढच्या वर्षी नोबेल मिळालं तिघांना. एकीकडे उधळपट्टी, दुसरीकडे इतकी काटकसर!

कडक वाटणी केली तर कुणी एकत्र कामच करणार नाही, असा आक्षेप निघतो. त्यात तथ्य आहे. आजचे बरेच प्रश्न एकट्याने सुटणारे नाहीत आणि देवरायांचा अभ्यासही एकट्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तसा झाला नसता. म्हणून सहकार्याला उत्तेजन द्यायचं असेल तर ते उघड द्या. संयुक्त प्रकल्पाला वेगळे गुण ठेवा, प्रयोगशाळेला निधी द्या. पेपराच्या बेरजेत चोरवाट कशाला?

माझं म्हणणं सरळ आहे. एका पेपराची बेरीज एकच धरावी आणि तिचे हिस्से लेखकांनी पेपर पाठवण्यापूर्वीच लेखी ठरवावेत. कल्पना कुणाची, नमुने कुणी गोळा केले, विश्लेषण कुणी केलं, मसुदा कुणी लिहिला, अशा 14 भूमिकांची एक यादी जगभरची अनेक नियतकालिकं आज वापरतात. वैद्यकीय संपादकांचा आंतरराष्ट्रीय नियम तर स्पष्ट सांगतो की केवळ निधी आणला किंवा वरवर देखरेख केली म्हणून कुणी लेखक होत नाही. देवरायांच्या अभ्यासात कोणती वेल कुठल्या दुखण्यावर चालते हे ज्या गावकऱ्याने दाखवलं, त्याचंही नाव त्याच्या संमतीने योगदानाच्या या यादीत हवं. आज तो बहुधा आभाराच्या ओळीतही नसतो.

जानेवारी 2025मधल्या नव्या मसुद्यात आयोगाने गुणांच्या बेरजेऐवजी लक्षणीय योगदानावर भर दिला आहे. दिशा बरी आहे. पण योगदान नेमकं कुणाचं, हा प्रश्न तिथेही उरतोच, आणि तो कोष्टकाने सुटणार नाही. म्हणून निवड समितीत बसणाऱ्यांना एवढंच सांगणं : उमेदवाराच्या फाइलमधला कोणताही एक पेपर उचला आणि यातलं तुमचं काम कोणतं, असं विचारा. ज्याला उत्तर देता येणार नाही, त्याला त्या पेपराचे शून्य गुण द्या.