बोट पुढे, मोबाईल मागे

गेल्या रविवारी दुपारी जेवणं आटोपून भांडी घासायला बसले होते, तोच शेजारच्या वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात मोबाईल आणि मागे तोंड पाडून त्यांचा बारा वर्षांचा धाकटा. म्हणाल्या, "ताई, तुमच्या थोरल्याला जरा बघायला सांगा हो. दुकानदार म्हणतो, डिस्प्लेच बदलावा लागेल. २,८०० रुपये सांगितलेत."

वहिनी एका कंपनीत साफसफाईच्या कामाला जातात. घरात मोबाईल हा एकच. मुलीच्या कॉलेजचे निरोप त्यावरच येतात, पगार जमा झाल्याचं त्यावरच कळतं आणि संध्याकाळी तासभर धाकट्याचा खेळ. खेळ तुमच्या घरातल्या मुलांनाही ठाऊक असेल. गाण्याच्या तालावर काळ्या पट्ट्या वरून खाली सरकत येतात आणि निसटायच्या आत त्यांच्यावर बोट मारायचं. २०१४ साली 'पियानो टाइल्स' आला आणि मग त्याच्या कितीतरी नकला निघाल्या. धाकट्याची तक्रार एवढीच, की "मी वेळेवर मारतो, मोबाईलच उशिरा ऐकतो." खेळात हरला म्हणून रडतोय, असं समजून घरात कुणी लक्ष दिलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं.

आमचा थोरला आयटीआयला इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक शिकला आहे. त्याने आधी वहिनींना खाली बसवलं आणि समजावून सांगितलं. मोबाईलच्या काचेखाली डोळ्यांना न दिसणारी, वीज वाहून नेणारी बारीक जाळी असते. आपलं शरीरही वीज वाहून नेतं. बोट काचेला लागलं की तिथल्या जाळीवरचा विद्युतभार किंचित बदलतो आणि आतली चिप तो हेरते. जोर लावून दाबण्याशी त्याचा संबंध नाही. चिप ही जाळी सेकंदाला अनेकदा तपासते. साध्या मोबाईलमध्ये साधारण ६० ते १२० वेळा, खेळासाठी बनवलेल्या महागड्या मोबाईलमध्ये २४० किंवा त्याहून जास्त वेळा. म्हणून तो म्हणाला, "टच वेगवान करणारं ॲप कुणी टाकायला सांगितलं तर टाकू नका. चिपचा वेग ॲपने वाढत नाही, फक्त जाहिराती वाढतात."

मग त्याने जे केलं ते तुम्हीही घरी करून पाहू शकता. पैसा लागत नाही. सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' उघडून 'बिल्ड नंबर' या ओळीवर सात वेळा बोट मारलं, की 'डेव्हलपर ऑप्शन्स' नावाचं पान मिळतं. (काही मोबाईलमध्ये ही ओळ आणखी एक पान आत असते.) त्या पानावर 'पॉइंटर लोकेशन' चालू करायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही! आता बोट फिरवलं की मागे रेघ उमटते. रेघ तुटली, तर बोट नीट ओळखलं जात नाही. रेघ अखंड आणि तरी खेळ उशिरा, तर काच बिचारी निर्दोष आहे. दोष दुसरीकडे शोधायचा.

धाकट्याने बोट फिरवलं आणि रेघ दोन ठिकाणी तुटली! पोराचं म्हणणं खरं निघालं. थोरल्याने काचेकडे तिरकं पाहिलं. वर बसवलेली संरक्षक काच स्वस्तातली, फक्त कडांना चिकटवलेली, मधे हवा आणि धूळ. ती काढली, सुती फडक्याने स्क्रीन पुसली. पुन्हा बोट फिरवलं, तर रेघ अखंड. डिस्प्ले ठणठणीत होता.

तरीही खेळ थोडा मागेच राहत होता. त्याचं कारण मुलाच्या गळ्यात लटकत होतं. बिनवायरच्या ब्लूटूथ इअरफोनमध्ये आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाने, कधी त्याहूनही उशिरा पोचतो. गाणं ऐकताना ते कळत नाही, पण तालावर बोट मारायचं असेल तर तेवढ्याने पट्टी निसटते. वायरचा इअरफोन लावल्यावर आवाज आणि पट्टी यांचं जमलं.

बाकी किरकोळ. बॅटरी वाचवण्याचा मोड चालू होता, त्याने मोबाईल स्वतःच सावकाश चालतो. जागा काठोकाठ भरली होती, ती सुप्रभातीच्या चित्रांनी. ती चित्रं कुणाची, हे मी विचारलं नाही. खेळताना इंटरनेट बंद ठेवलं की मधे जाहिराती घुसत नाहीत. मोबाईल तापला की तो आपला वेग उतरवतो, तेव्हा थोडं थांबावं. आणि चार्जिंगला लावून खेळू नये. हलक्या चार्जरमधून येणाऱ्या विजेच्या गडबडीने बोट नसलेल्या जागीही बोट लागल्यासारखं होतं.

निघता निघता वहिनींनी हळूच विचारलं, "मग माझं बोट का लागत नाही याला? पोरगी म्हणते, आई, तुला जमतच नाही."

थोरल्याने त्यांनाही बोट फिरवायला सांगितलं. काच स्वच्छ असूनही रेघ चार ठिकाणी तुटली. त्यांचा हात मी हातात घेतला. फिनेल आणि साबणाच्या पाण्याने बोटांची टोकं भेगाळून लाकडासारखी झालेली. कोरडी, जाड झालेली कातडी वीज नीट वाहून नेत नाही, म्हणून त्यांचं बोट मोबाईलला दिसतच नव्हतं. सिमेंटचं, गवंड्याचं, धुण्याभांड्यांचं काम करणाऱ्यांना हा अनुभव आहे. ओल्या हाताने तरी जमेल म्हणावं, तर पाणीही वीज वाहतं आणि काचेवरच्या थेंबांनाच मोबाईल बोट समजतो. वहिनी दोन वर्षं असंच समजत होत्या, की आपण फारसं शिकलो नाही म्हणून हे होतं.

मी त्यांच्या बोटांना थोडं व्हॅसलीन चोळलं आणि कोरड्या फडक्याने पुसलं. टोकाऐवजी बोटाचा मऊ भाग टेकवायला सांगितला. काही मोबाईलमध्ये 'टच सेन्सिटिव्हिटी' वाढवायची सोय असते, त्यांच्यात होती, तीही चालू केली. या वेळी रेघ एकदाच तुटली.

धाकट्याने लगेच खेळ उघडून मोबाईल आईपुढे धरला. वहिनींनी आठ पट्ट्या बरोबर मारल्या. नववीला हसू आलं आणि ती निसटली.