नुसत्या दाखल्यानं हृदय वाचत नाही

फुटबॉल खेळणारा तरणाबांड मुलगा कोणाचाही धक्का न लागता मैदानात कोसळून दगावला, की दुसऱ्या दिवशी दोन वाक्यं हमखास कानावर येतात. 'आयुष्याची दोरी तेवढीच होती,' हे एक. 'सगळ्यांची हृदयतपासणी सक्तीची करा,' हे दुसरं. पहिलं वाक्य जबाबदारी झटकतं. दुसरं तळमळीचं आहे, पण अर्धवट आहे. तपासणी हवीच, पण पहिल्या तीन मिनिटांत धावून जाणारी माणसं आणि विजेचा झटका देणारं यंत्र मैदानावर नसेल, तर खिशातला दाखला कोणाला वाचवणार?

आधी दैववाद्यांचं पाहू. मार्च २०१२ मध्ये लंडनला एफए कपच्या सामन्यात बोल्टनचा २३ वर्षांचा फाब्रिस मुआम्बा कोसळला. मैदानावरच छाती दाबणं सुरू झालं, झटके दिले गेले. त्याचं हृदय ७८ मिनिटं बंद होतं, तरी तो जगला. त्याच महिन्यात बंगळुरूच्या स्थानिक लीगमध्ये एक तरुण खेळाडू कोसळला. रुग्णवाहिका नव्हती. सोबत्यांनी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तो वाचला नाही. दोघांचा आजार एकच होता, असा माझा दावा नाही. पण दोघांना मिळालेली संधी सारखी नव्हती, आणि ती देणं सर्वस्वी माणसांच्या हातात होतं. डिसेंबर २००४ मध्ये फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या डेम्पोसाठी दोन गोल करणारा ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनियर गोलरक्षकाशी धडकून बंगळुरूच्याच मैदानावर कोसळला आणि गेला. गोवा आजही हळहळतो. नुसतं हळहळून पुढचा मुलगा वाचत नाही.

दुसरा आक्षेप आईवडिलांचा आणि प्रशिक्षकांचाही: 'नव्वद मिनिटं पळणाऱ्या पोराला हृदयाचं काय होणार?' दम असणं वेगळं आणि हृदयाची घडण निर्दोष असणं वेगळं. कोणाच्या हृदयाचा स्नायू जन्मजात दोषामुळे जाड होत जातो, कोणाच्या विद्युतप्रवाहात खोट असते. असं हृदय वर्षानुवर्षं तक्रार करत नाही आणि जोराच्या धावेत एकदम लय सोडतं. कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हियन फो २००३ मध्ये ल्योंच्या मैदानावर गेला, तेव्हा तो २८ वर्षांचा होता. स्नायू जाड होण्याचाच आजार त्याला होता.

तिसरा समज सर्वांत घातक: 'तपासणी केली, आता काळजी मिटली.' इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं १९९६ ते २०१६ या काळात सोळा-सतरा वर्षांच्या ११,१६८ खेळाडूंची ईसीजी आणि इकोसह तपासणी केली. ४२ जणांत जीवघेणा ठरू शकणारा दोष सापडला. पण पुढे हृदयामुळे अचानक दगावलेल्या आठांपैकी सहा जणांचा अहवाल निर्दोष होता. काही आजार वाढत्या वयातच डोकं वर काढतात. सोळाव्या वर्षीचा कागद विसाव्या वर्षाची हमी देत नाही. डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या नियमित तपासण्यांतून गेलेला होता. तरीही १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनला तो कोसळला. त्याला वाचवलं ते मैदानावरच्या तयारीनं.

'मग तपासणी हवीच कशाला?' असं म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. इटलीनं १९८२ पासून खेळाडूंची तपासणी बंधनकारक केली आणि व्हेनेतो भागात असे मृत्यू ८९ टक्क्यांनी घटले. इस्रायलमध्ये १९९७ च्या कायद्यानंतर तसा फरक दिसला नाही, हेही खरं. वाद चालू राहील. पण इंग्लंडमध्ये आधीच सापडलेली ती ४२ मुलं कोणाच्या तरी घरची होती. आपल्याकडे स्पर्धेच्या अर्जाला जोडतात तो दाखला डोळ्यांसमोर आणा: उंची, वजन, रक्तदाब, 'खेळण्यास पात्र', खाली शिक्का. त्यावर तीन प्रश्न छापायला कितीसा खर्च येतो? पळताना कधी चक्कर येऊन पडलास का? छातीत दुखतं का? घरात तरुणपणी कोणी अचानक गेलं का? एक 'हो' आलं, की मुलगा हृदयरोगतज्ज्ञाकडे जायलाच हवा. ईसीजी जरूर काढा, दर दोन-तीन वर्षांनी काढा. मात्र खेळाडूच्या हृदयाची जाण असलेल्या डॉक्टरांकडून वाचून घ्या, नाहीतर धडधाकट मूल विनाकारण घरी बसेल.

आता मैदानाकडे. हृदय थांबलेला मुलगा कधी हातपाय झाडतो, घशातून घरघर काढतो. 'फिट आली' म्हणून कोणी कांदा हुंगवतं, कोणी चप्पल नाकाशी धरतं, कोणी तोंडात पाणी ओततं, भोवती गराडा पडतो. विजेच्या झटक्याविना गेलेल्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. म्हणून नियम साधा हवा: धक्का न लागता कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट नाही, म्हणजे हृदय थांबलं असंच समजा. एकानं छातीच्या मधोमध पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं. दुसऱ्यानं १०८ ला फोन करायचा. तिसऱ्यानं झटका देणारं यंत्र, म्हणजे एईडी, आणायला पळायचं. चौथ्यानं रुग्णवाहिकेसाठी फाटक उघडायचं. एईडी आवाजात सूचना देतं आणि गरज नसेल तर झटका देतच नाही. ते वापरायला डॉक्टर असावं लागत नाही.

'एवढा पैसा कुठून आणायचा?' यंत्राची किंमत साधारण लाखाच्या घरात आहे. ते प्रत्येक संघाला नको, प्रत्येक मैदानाला एक पुरे. कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ भिडतात तेव्हा पोलीस बंदोबस्ताशिवाय सामना होत नाही, आणि मोठ्या स्पर्धांची बक्षिसं लाखांत असतात. गर्दीच्या भांडणाची तजवीज आपण करतो, तर खेळणाऱ्याच्या जिवाची का नाही? तालीम, शाळा, क्लब, गावची स्पर्धा, कोणालाही यातून सूट नको. छाती दाबण्याचा सराव एका दुपारी होतो. तो प्रशिक्षकाला हवा, तसाच अकरा खेळाडूंनाही हवा, कारण पडलेल्याच्या सर्वांत जवळ तेच असतात.

सामन्याआधी पंच बूट आणि शिनगार्ड तपासतात. त्याच वेळी त्यांनी आयोजकांना विचारावं: एईडी कुठे आहे, छाती कोण दाबणार, फाटकाची किल्ली कोणाकडे? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय शिट्टी वाजू नये, असा नियम संघटनांनी या हंगामापासून करावा.