शेडमधल्या कोंबड्या नुसत्या उन्हानेच मरतात का?

उन्हाळा लागला की अमरावती-अकोल्याकडे कोंबड्या मेल्याच्या बातम्या सुरू होतात. कारण ठरलेलं असतं, ऊन. कंपनीचा सुपरवायझर वहीत तेच लिहितो, शेतकरीही तेच सांगतो, खड्डा खोदला की विषय मिटला. ऊन आहेच, त्यात वाद नाही. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांच्या वर गेला तेव्हा अकोल्यात २५ ते ३१ मे कलम १४४ लावावं लागलं, शिकवणीवर्गांच्या वेळा बदलाव्या लागल्या. पण त्याच शिवारातलं एक शेड तगतं आणि दुसरं बसतं, तेव्हा नुसत्या उन्हावर खापर फोडून कसं भागेल?

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असतं. चोच उघडून धापा टाकणं एवढाच तिचा कूलर. त्यामुळे उन्हाचा झटका असेल तर मर दुपारी तीन ते सात या वेळेत होते आणि सगळ्यात आधी जड, विक्रीला आलेले पक्षी जातात. लहान पिल्लं मरत असतील, किंवा पहाटे मर दिसत असेल, तर रोग किंवा खाद्याकडे पाहावं लागतं. मेलेला पक्षी कुठं सापडला हेही पाहावं. पश्चिमेच्या भिंतीशी ढीग असेल तर ऊन आत येतं, मधोमध असेल तर हवा फिरत नाही. एवढं पाहायला डॉक्टर लागत नाही. त्यापुढे मात्र दोन-तीन ताजे मेलेले पक्षी घेऊन शवविच्छेदन करून घेतलेलंच बरं. अकोल्यात पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे, गावाजवळ सरकारी दवाखाना आहे. पण पक्षी खड्ड्यात गेल्यावर कोण काय सांगणार!

आपल्याकडची खरी गोम पाण्यात आहे. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात अमरावती, अकोला, बुलडाण्याची नऊशेच्या आसपास गावं येतात. बोअरचं पाणी माणूस पीत नाही, पण कोंबडीला तेच लावतात. पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला १००० मिलिग्रॅमच्या वर गेले की विष्ठा पातळ होऊ लागते, ३००० च्या पुढचं पाणी कोंबडीला चालत नाही. त्यात उन्हाळ्यात ती पाणी पिते दुप्पट. पातळ विष्ठेनं तूस ओला होतो, ओल्या तुसातून अमोनिया सुटतो. तो जमिनीलगत, कोंबडीच्या उंचीवर साचतो, उभ्या माणसाला कमीच जाणवतो. खाली बसून श्वास घेतला की डोळे चुरचुरतात. या वासानं श्वासनळी आधीच खराब झालेली कोंबडी दुपारी धापा टाकायला लागली की टिकत नाही. वहीत मात्र 'ऊन'.

म्हणून बॅच टाकायच्या आधी पाणी तपासून घेणं हा पहिला खर्च. खारं निघालं तर पावसाचं साठवलेलं किंवा गोडं पाणी मिसळावं लागेल. टाकी उन्हात आणि पाइप पत्र्याखालून गेलेला असेल तर कोंबडीपुढे गरम पाणी येतं, आणि गरम पाणी ती पीत नाही. टाकीवर बारदाना ओला करून टाकणं फुकटातलं काम आहे.

छपरासाठी आपल्याकडे माल पडूनच असतो. पत्र्यावर पऱ्हाटी-तुराट्यांचा थर, वरून स्प्रिंकलर. आग लागायची भीती आहे, तेव्हा वायर जपावी. दुपारी खाद्य उचलून घ्यावं, कारण पचनाचीही उष्णता असते. पहाटे आणि रात्री घालावं. शेड उत्तर-दक्षिण लांब बांधलं असेल तर ते आता फिरवता येत नाही, पश्चिमेला सावलीचं छप्पर पुढं काढणं एवढंच हातात. फॉगरचं मात्र सांभाळा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो काम करतो. जूनच्या पहिल्या सरीनंतर हवा दमट झाली की तोच फॉगर घात करतो, तेव्हा पंखाच हवा. आणि लाइट गेली तर जनरेटर.

इथं पैशाचा प्रश्न येतो. करार पद्धतीत पिल्लू, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, पाणी, लाइट, मजुरी शेतकऱ्याची. मर वाढली की किलोमागची मजुरी कापली जाते, बँकेचा हप्ता कोणी कापत नाही. पाणी तपासणी, जनरेटरचं डिझेल, उन्हाळ्यात चौरस फुटामागे कमी पक्षी टाकणं, ही कलमं करारात लिहून घ्यायला हवीत. पक्षी दाट भरले की मर वाढते, पण किती पिल्लं उतरवायची हे बहुतेक वेळा कंपनीच ठरवते.

सरकारी मदतीवर विसंबून राहण्यात अर्थ नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात केंद्राच्या आपत्ती यादीत उष्णतेची लाट नव्हतीच. पंचनाम्याची वाट पाहण्यापेक्षा पुढची बॅच उतरायच्या आधी बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत पोचवलेलं बरं.