खत नव्हे, दारू!

शेतकरी बंधूंनो, घुग्घुसच्या कोळसा खाणीत सुरुंग उडतो तो मुख्यतः अमोनियम नायट्रेटवर. दिसायला युरियासारखेच पांढरे दाणे, नत्रही भरपूर. पण हा पदार्थ जळणाला लागणारा प्राणवायू स्वतःच पुरवतो. एरवी थंड, तेल, भुसा मिसळला, बंदिस्त जागेत तापला की फुटतो. २०२० साली बैरुत बंदरात असाच सुमारे २,७५० टन साठा फुटला. २०१२च्या नियमांनी त्याला परवाना सक्तीचा केला. म्हणून बेवारस पोते सापडले तर खत समजून शेतात आणू नका, पोलिसांना कळवा. साठ्याला आग लागली तर विझवायला धावू नका, गाव लांब न्या. स्फोटक खात्याचे मुख्यालय तर नागपुरातच आहे. खाणीच्या साठ्याची तपासणी झाली की नाही, एवढे तरी ग्रामसभेला कळवावे, ही आमची मागणी आहे.