रान तुमचे, मग नोंदवही परक्याची का?



सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून, सातपुड्याच्या दऱ्यांतून, कोकणच्या सड्यांवरून, सोलापूरच्या माळरानांवरून पहाटेची एसटी पकडून जे तालुक्याच्या महाविद्यालयात विज्ञान शिकायला येतात, त्या तुम्हा सर्वांना ही हाक आहे.

रानपिंगळा नावाचे एक छोटे घुबड आहे. १८७३ साली शास्त्राने त्याला नाव दिले. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंदच उरली नाही. तो नष्ट झाला असावा, असे जग मानू लागले. मग नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकेतून आलेल्या पक्षितज्ज्ञांना तो आपल्या शहाद्याजवळ पुन्हा दिसला. त्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार! परंतु त्या एकशे तेरा वर्षांत शहाद्याच्या रानात गुरे राखणारी मुले नव्हती काय? रानपिंगळा तर दिवसाउजेडी वावरणारा पक्षी. त्या मुलांच्या डोक्यावरच्या फांदीवर तो कधीच बसला नसेल, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? उणीव होती ती एवढीच, की त्या मुलांना विचारायला कोणी गेले नाही, आणि त्यांच्या हाती कोणी वही दिली नाही.

ती वही आजही तुमच्या हाती नाही. तीन वर्षे तुम्ही परिसंस्था शिकता ती फळ्यावरच्या तळ्याच्या आकृतीतून. खरे तळे महाविद्यालयाच्या मागेच असते आणि तिथे जाण्यासाठी वेळापत्रकात एक तास नसतो. प्रात्यक्षिकाची जर्नले मागच्या वर्षीच्या जर्नलांवरून उतरवली जातात. मग शहरातून संशोधकांचा चमू येतो. वाट तुम्ही दाखवता, ओझे तुम्ही वाहता, झाड तुम्ही ओळखता, आणि शोधनिबंधाच्या शेवटी ‘स्थानिकांचे आभार’ या दोन शब्दांत तुमचे नाव, गाव, बुद्धी सारे गडप होते. प्रयोगशाळेत उमेदवारी मागावी, तर उत्तर मिळते: अनुभव मिळेल, मानधन नाही. ज्या मुलीच्या उन्हाळ्याच्या मजुरीवर घरची चूल पेटते, तिच्यासाठी हे कडी न लावता बंद केलेले दार आहे! याला अन्याय म्हणायचे नाही, तर काय म्हणायचे?

सरकारी तिजोरी रयतेच्या घामाने भरते आणि उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गाच्या पदरी पडतो, हे महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे रोखठोक मांडले होते. विद्यापीठाची सूक्ष्मदर्शके, वजनकाटे, जीपगाड्या आजही त्याच घामातून येतात. म्हणून त्या दारात याचक होऊन उभे राहू नका. तिथे तुमचा वाटा आहे.

आणि तुम्ही रिकाम्या हातांनी जात नाही. पहिल्या पावसात वळगणीचे मासे कोणत्या ओहोळातून चढतात, कारवी सात वर्षांनी फुलते तेव्हा डोंगराचे रूप कसे पालटते, देवराईतला कोणता झरा वैशाखातही आटत नाही, हे तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहे. तरीही एक कठोर गोष्ट सांगतो. नुसते ठाऊक असणे म्हणजे शास्त्र नव्हे. तारीख हवी, मोजणी हवी, आपल्याच समजुतीवर शंका घेण्याचे धैर्य हवे. चौकट आखून तिच्यातले गवत काडीकाडीने मोजणे, पालापाचोळा वाळवून त्याचे वजन करणे, एकाच झाडाकडे दर आठवड्याला परत जाणे, हे काम कंटाळवाणे आहे आणि त्यातूनच सत्य हाती लागते. हे परिश्रम तुम्हांला अवघड नाहीत. खुरपणी-लावणी केलेले हात आहेत हे!

२०१४ साली माळीण गाव दरडीखाली गाडले गेले, २०२३ साली इर्शाळवाडी. डोंगर प्रथम कोसळतो तो डोंगरात राहणाऱ्यांवर. मग त्या डोंगराची माती, झाडे, पाणी समजून घेण्याचे काम त्यांच्याच लेकरांनी इतरांवर सोडून द्यावे काय?

तेव्हा उठा. तुमच्या जवळच्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचा, प्राणिशास्त्राचा, पर्यावरणशास्त्राचा विभाग आहे. कोणते प्राध्यापक कशावर काम करतात, ते शोधा आणि त्यांना एकपानी पत्र लिहा. इंग्रजी मोडकीतोडकी असेल, असू द्या. आपण काय पाहिले आणि आपल्याला कोणता प्रश्न पडला, एवढेच लिहा. उत्तर आले नाही, तर दुसरे पत्र लिहा. देशाच्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती देतात, तिचा अर्ज भरा. पुण्यामुंबईच्या मुलांना ती ठाऊक असते, तुम्हांला कोणी सांगत नाही, एवढाच फरक. काम मिळाले, की मानधन मागा. नोंदी तुमच्या असतील, तर निबंधावर नाव मागा. हे मागणे उद्धटपणाचे नाही.

एकट्याचा आवाज दाबला जातो, म्हणून एकटे जाऊ नका. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने अभ्यासगट केला, एकत्र बसून कायदा वाचला, जंगल समजून घेतले, आणि २००९ साली आपल्या वनावरचा सामूहिक हक्क मिळवला. आदिवासी गाव हे करू शकते, तर महाविद्यालयातले पाच विद्यार्थी पिंपळाखाली बसून अभ्यासगट का करू शकत नाहीत?

आज संध्याकाळी एक कोरी वही घ्या. पहिल्या पानावर स्वतःचे नाव, गावाचे नाव आणि आजची तारीख घाला. मग बाहेर पडा आणि जे दिसेल ते लिहा.