परदेशी पार्सल आणि ‘भेटवस्तू’चा शिक्का



लोणंदहून एका भगिनीचे लांबलचक पत्र आले आहे. त्या हाताने गोधड्या शिवतात आणि मोबाईलवर फोटो टाकून विकतात. सप्टेंबर 2025 मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या एका कुटुंबाला 6,000 रुपयांची गोधडी कुरिअरने पाठवली. जाहिरातीत लिहिले होते, ‘घरपोच, वेगळा खर्च नाही.’ तिकडे कुरिअरवाल्याने ग्राहकाकडे आयातकर मागितला, वर स्वतःची फी. ग्राहकाने पार्सल नाकारले आणि परतीचे भाडे यांच्या गळ्यात पडले. त्या विचारतात, हे नुकसान कोणी सोसायचे? शिवाय मामेभाऊ सांगतो, पुढच्या वेळी ‘भेटवस्तू’ लिही, किंमत 500 टाक, कोण बघतंय?

आधी काय बदलले ते पाहू. अमेरिकेत 800 डॉलरपर्यंतचे पार्सल बिनकराचे आत जात असे. 29 ऑगस्ट 2025 पासून ही सवलत सर्व देशांसाठी बंद झाली. त्याच्या दोनच दिवस आधी भारतीय मालावरचा जादा कर 50 टक्क्यांवर गेला होता. कर कोणी, कसा गोळा करायचा हेच स्पष्ट नव्हते, म्हणून आपल्या टपाल खात्याने 25 ऑगस्टपासून तिकडची बहुतेक पार्सले घेणे थांबवले. 15 ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली, पण नव्या रीतीने. कर इथेच, नोंदणीच्या वेळी, पाठवणाऱ्याने भरायचा. तेव्हा दर जाहीर किमतीच्या सरसकट 50 टक्के होता, म्हणजे 6,000 च्या गोधडीवर 3,000.

हा आकडा पाठ करून ठेवू नका. रातोरात बदलणारा कर लोणंदकरांना नवा नाही. कांद्यावर ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क आले, डिसेंबरात थेट बंदी, ती उठल्यावर पुन्हा 40, मग 20, आणि 1 एप्रिल 2025 पासून काहीच नाही. बाजार समितीत कांदा उतरवणारा कालच्या दरावर हिशेब करत नाही. पार्सलचेही तसेच. ज्या दिवशी नोंदवाल त्या दिवशीचा दर विचारा.

आता नुकसानीचे. मी मुफ्ती नाही, पण व्यवहाराचा साधा नियम सर्वांना ठाऊक आहे. विकताना किंमत आणि अटी दोघांना स्वच्छ कळल्या पाहिजेत. ‘वेगळा खर्च नाही’ वाचून त्या कुटुंबाने 6,000 दिले. मग कराचा बोजा त्यांच्यावर कसा टाकणार? बहीण, कडू वाटेल, पण पैसे त्यांना परत करायला हवेत.

आणि मामेभावाचा सल्ला? पैगंबर मुहम्मद (स.) बाजारात धान्याच्या राशीजवळ थांबले, आत हात घातला तर खालचे धान्य ओले लागले. वरून कोरडे, आतून ओले. त्यांनी त्या विक्रेत्याला फटकारले, हे आपण लहानपणापासून ऐकतो. विकलेल्या वस्तूवर ‘भेट’ लिहिणे याहून वेगळे काय आहे? अमेरिकेत 100 डॉलरपर्यंतच्या खऱ्या भेटीला सवलत राहिली, ती मावशीने भाचीला पाठवलेल्या दुपट्ट्यासाठी. दुनियादारीनेही हा सल्ला खोटाच ठरतो. पार्सल हरवले तर भरपाई लिहिलेल्या 500 च्या हिशेबानेच मागता येईल, आणि बँकेत परदेशातून 6,000 जमा, कागदावर 500, याचे उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल.

भाड्यात मात्र हलाल मार्गाने बरेच वाचते. बहुतेक कुरिअर कंपन्या वजन आणि आकारमान यांतले जे जास्त, त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5,000 ने भागायचे. 40 बाय 35 बाय 20 चा खोका म्हणजे 5.6 किलो, आत गोधडी अडीच किलोची का असेना! हवा काढणाऱ्या पिशवीत दाबून उंची 10 वर आणली की तेच 2.8 किलो होते. मला वाटते, गोधडी शिवणाऱ्या निम्म्या भगिनी आजवर हवेचेच भाडे भरत आल्या असतील.

टपालाने पाठवायचे असेल तर जवळचे डाकघर निर्यात केंद्र कोणते ते पोस्टात विचारा. आयात-निर्यात क्रमांक ऑनलाइन मिळतो, सरकारी फी 500 रुपये. एजंटला हजारो देऊ नका.

इतर देशांचे थोडक्यात. ब्रिटनमध्ये जानेवारी 2021 पासून 135 पौंडांपर्यंतच्या मालावरचा व्हॅट विक्रेत्याने किंवा विक्रीच्या ऑनलाइन मंचाने भरायचा असतो. सौदीत व्हॅट 15 टक्के आहे, अमिरातीत 5.

लोणंदच्या भगिनीने पुढच्या ग्राहकाला पैसे घेण्याआधी एवढेच लिहून पाठवावे: ‘गोधडी इतक्याची, भाडे इतके, आजच्या दराने कर इतका, तो मी भरणार. पाठवण्याआधी दर बदलला तर आधी कळवीन, नको असेल तर पैसे परत.’ हा निरोप जपून ठेवावा.