अनोळखी विमान कंपनी आणि व्यापाऱ्याची पारख

परदेशगमन ही आपल्या समाजात आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. कोणी मालाच्या खरेदीसाठी चीनला जातो, कोणी अँटवर्पच्या हिरेबाजारात, कोणी नैरोबीतील आप्तांकडे. आणि मुलगा अमेरिकेत स्थायिक झाल्यामुळे ज्या वृद्ध मातापित्यांना वर्षाआड समुद्र ओलांडावा लागतो, अशी घरे तर प्रत्येक पेठेत सापडतील. तिकिटांचे दर पाहू जाता पुष्कळदा एक अपरिचित नाव सर्वांत स्वस्त दिसते आणि घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, नाव ऐकलेले नाही, तेव्हा जाऊच नये. दुसरा म्हणतो, सगळी विमाने सारखीच, वाचतील तेवढे पैसे वाचवावेत. आमच्या मते हे दोन्ही पक्ष व्यापाऱ्याला शोभणारे नाहीत.

परगावच्या नव्या पेढीचे पहिले पत्र हाती आले म्हणजे आपण काय करतो? नाव अपरिचित म्हणून सौदा मोडत नाही आणि भाव चांगला दिला म्हणून डोळे मिटून माल रवानाही करीत नाही. चार ठिकाणी विचारणा करतो, पत पाहतो आणि मगच हुंडी स्वीकारतो. विमानाचे तिकीट ही एक प्रकारची मुदती हुंडीच होय. पैसे आज मोजावयाचे आणि सेवा दोन-तीन महिन्यांनी मिळावयाची. मधल्या काळात आपण त्या कंपनीचे धनको असतो, आणि तेही तारणाविना.

परिचित नाव म्हणजे पत नव्हे, हा धडा आपल्याच देशाने तीनदा दिला आहे. किंगफिशरची विमाने २०१२ साली थांबली. जेट एअरवेजची एप्रिल २०१९ मध्ये. गो फर्स्टची मे २०२३ मध्ये. ही नावे घरोघरी ठाऊक होती. जेट पुन्हा उभी राहील ही आशा अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या विसर्जनाचा आदेश दिला तेव्हा मावळली.

उलट, अपरिचित नाव म्हणजे दोष नव्हे. इथिओपियन एअरलाइन्सचेच उदाहरण घ्या. इथिओपिया म्हटले की आपल्यापैकी अनेकांना दुष्काळाची छायाचित्रे आठवतात आणि मन कचरते. परंतु १९४५ साली स्थापन झालेली ही सरकारी मालकीची कंपनी आज आफ्रिका खंडातील सर्वांत मोठी मानली जाते. आपली एअर इंडिया २०१४ साली ज्या स्टार अलायन्स या जागतिक संघात गेली, त्यात ही २०११ सालीच दाखल झाली होती. मार्च २०१९ मध्ये तिच्या विमानास अपघात होऊन १५७ जण मृत्युमुखी पडले, हे खरे आहे. परंतु त्याआधी पाचच महिन्यांपूर्वी इंडोनेशियात त्याच जातीचे विमान कोसळले होते. आणि दोन्ही अपघातांत त्या जातीच्या विमानातील उड्डाण-नियंत्रण प्रणालीचा दोष उघड झाला. ती प्रणाली विमान बनविणाऱ्या अमेरिकन कारखान्याची होती. केवळ देशाच्या नावावरून निवाडा करणारा येथे चुकला असता.

मग पत पाहावी कशी? प्रथम सुरक्षितता. युरोपीय संघ २००६ पासून आपल्या आकाशात बंदी घातलेल्या विमान कंपन्यांची यादी प्रसिद्ध करीत आला आहे. त्या यादीत नाव असेल तर दर कितीही आकर्षक असो, विषय तेथेच संपवावा. यादीत नाव नसणे हे मात्र प्रशस्तिपत्र नव्हे. म्हणून आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या सुरक्षा-तपासणीत, जिला ‘आयोसा’ म्हणतात, ती कंपनी नोंदलेली आहे काय, हेही पाहावे. ही नोंद कोणासही विनामूल्य पाहता येते.

दुसरे, तिकीट विकणारा एक आणि विमान चालविणारा दुसरा, असे पुष्कळदा असते. आडत्या आणि मालधनी यांतील फरक आपणांस सांगावयास नको. तिकिटावर प्रत्यक्ष उड्डाण कोणाचे, हे बारीक अक्षरांत लिहिलेले असते, ते वाचावे.

तिसरे, संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असावा. दोन कंपन्यांची दोन सुटी तिकिटे स्वस्त पडतात खरी, पण पहिले विमान उशिरा पोचून दुसरे चुकले तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. सामानही वाटेत सोडवून घेऊन पुन्हा द्यावे लागते आणि त्यासाठी कित्येक ठिकाणी त्या देशाचा व्हिसा लागतो.

चौथे, कायदा. भारत २००९ पासून माँट्रियल करारात सामील आहे. त्यानुसार हरवलेल्या अथवा खराब झालेल्या सामानाची भरपाई प्रत्येक प्रवाशामागे कमाल १,५१९ विशेष आहरण अधिकार इतकीच मिळते. डिसेंबर २०२४ पासून हाच आकडा लागू आहे. सामानात मौल्यवान नमुने असतील तर देतेवेळीच त्यांचे मूल्य जाहीर करावे आणि मागतील ते जादा शुल्क भरावे; अन्यथा ते स्वतःजवळ ठेवावेत. सामान खराब झाल्याची लेखी तक्रार ते मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा मिळाल्याची २१ दिवसांत झाली पाहिजे. तोंडी बोलण्याला येथे किंमत नाही.

पाचवी गोष्ट आपल्या आचाराची. जैन भोजन बहुतेक मोठ्या कंपन्या देतात, परंतु निदान २४ तास आधी नोंद करावी लागते आणि जोडप्रवासात ती प्रत्येक टप्प्यावर आहे ना, याची खात्री करावी लागते. शाकाहारी एवढेच लिहिले तर कांदा-बटाटा ताटात यावयाचाच. चौविहार पाळणाऱ्यांनी वाटेतील सूर्यास्ताचा हिशोब निघण्यापूर्वीच करावा आणि खाखऱ्यांचा डबा जवळ ठेवावा.

इतके सर्व पाहूनही निर्णय सर्वांसाठी एकच असणार नाही. अनेकांताची शिकवण येथे व्यवहारात उतरते. जी कंपनी पंचविशीतल्या मुलाला सर्वस्वी योग्य, तीच इंग्रजी न येणाऱ्या सत्तर वर्षांच्या आईला अयोग्य ठरू शकते. कारण तिला मध्यरात्री परक्या विमानतळावर आठ तास एकटीने काढावे लागतील. तेथे वाचलेले दहा-पंधरा हजार हा नफा नव्हे. जमाखर्च मांडताना आईवडिलांच्या जिवाला होणारा घोर खर्चाच्या बाजूस लिहावयाचा नाही, तर कोठे लिहावयाचा?

आपल्या पूर्वजांनी अनोळखी मुलखांत पेढ्या उघडल्या, त्या भीतीने नव्हे आणि लोभानेही नव्हे, तर पारख करून. तीच पारख तिकीट काढतानाही जागी असावी आणि घरातील तरुणांनाही ती शिकवावी, अशी आमच्या सर्व व्यापारी बंधुभगिनींना नम्र विनंती आहे.